पावडर कोटिंग सुटतंय, पत्रा धुवायचं मशीन घ्यावं का?

पॅनेलवाला_अंबड

नमस्कार मंडळी, नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, इलेक्ट्रिकल पॅनेलचे बॉक्स बनवतो. बॉडी १.६ मिमी, दरवाजे २ मिमी, सगळा सीआरसीए (थंड रोल केलेला साधा लोखंडी) पत्रा. लेझर कटिंग बाहेरून करून आणतो, बेंडिंग आणि वेल्डिंग आमच्याकडे, पावडर कोटिंग (रंगाची पावडर मारून ओव्हनमध्ये भाजणं) परत बाहेर जॉबवर्कला. सात वर्षं झाली, कधी मोठी तक्रार नव्हती.

जूनपासून मात्र डोक्याला ताप झालाय. कस्टमरकडून १८ दरवाजे परत आले, कोटिंगचे पोपडे सुटतायत, नखाने ओढलं तरी निघतं. कोटिंगवाला म्हणतो तुमचा पत्रा तेलकट येतो, मी काय करू. म्हणून आता दोन हेल्पर दिवसभर थिनर आणि कॉटन वेस्ट घेऊन पुसत बसतात, तरी परवा परत चार दरवाजे आलेच.

आता एक एजंट मागे लागलाय, आडवं शीट वॉशिंग मशीन घ्या म्हणतो, एका बाजूने पत्रा घातला की आत गरम पाण्याचे फवारे, ब्रश, मग रोलर, मग गरम हवा, दुसऱ्या बाजूने कोरडा पत्रा बाहेर. बघायला फार छान वाटतं पण किंमत आमच्या वर्षभराच्या नफ्याएवढी आहे आणि कर्ज काढावं लागेल. दिवसाला ४० च्या आसपास शीट लागतात आम्हाला. हे मशीन घेऊन प्रश्न सुटेल का? आणि घेतलंच तर पत्रा कटिंगच्या आधी धुवायचा की बेंडिंगनंतर? ज्यांनी वापरलंय त्यांनी प्लीज खरं काय ते सांगा, पैसे अडकवायच्या आधी कळलेलं बरं.

ओव्हनवाला_भोसरी

दादा, आधी ते थिनरने पुसणं थांबवा. थिनर तेल काढत नाही, पसरवतो. पहिल्या दोन पुसण्यांत चिंधी तेल घेते, नंतर तीच चिंधी तेल परत पत्र्यावर लावत जाते, थिनर उडून जातो आणि पातळ थर तिथेच राहतो, तो डोळ्याला दिसत पण नाही. आमच्याकडे असे पुसलेले जॉब येतात ते आम्ही न पुसलेल्यांसारखेच धरतो.

मशीनचं नंतर बघू, आधी फुकटातली टेस्ट करा. साध्या स्प्रेच्या बाटलीत स्वच्छ पाणी भरा, पत्रा उभा धरा आणि फवारा मारा. पाण्याचा सलग पापुद्रा अर्धा एक मिनिट टिकला तर पत्रा साफ, पाणी लगेच फाटून थेंब थेंब झालं, कमळाच्या पानावर होतं तसं, तर तिथे तेल आहे. ही टेस्ट दोनदा करायची. एकदा तुमच्या पुसलेल्या पत्र्यावर आणि एकदा कोटिंगवाल्याच्या डिग्रीसिंग (तेल काढायच्या) टँकमधून पाण्याने धुऊन बाहेर आलेल्या पीसवर, फॉस्फेटिंगला जायच्या आधी. तो सेव्हन टँक करतो ना? म्हणजे डिग्रीसिंग, पाणी, डिरस्टिंग (गंज काढणं), पाणी, फॉस्फेटिंग (कोटिंग धरायला फॉस्फेटचा थर), पाणी, पॅसिव्हेशन (त्या थराला शेवटचं सील). की नुसतं पुसून पावडर मारतो? पत्र्यावरचं गंज न लागण्याचं तेल काढणं हे खरं तर त्या पहिल्या टँकचंच काम आहे, ते तुमच्यावर का ढकलतोय हे त्याला विचारा. टँकचं तापमान विचारा, ६० च्या आसपास हवं, बरेच लोक वीज वाचवायला कोमट पाण्यात बुडवतात.

आणि महत्त्वाचं, पोपडा नेमका कुठून सुटतो ते बघा. मधून की कडेने? दोन्हीची कारणं वेगळी असतात. फोटो नको, नीट बघून लिहा.

प्रेसशॉप_मेंटेनन्स

मी चाकण भागात प्रेस शॉपला आहे, ११ वर्षं शीट धुवायच्या मशीनवर मेंटेनन्स केलंय म्हणून सांगतो. मशीन वाईट नाही, पण ते कशासाठी असतं ते आधी समजून घ्या.

आमच्याकडे गाडीचं बॉनेट, दरवाजे असे बाहेर दिसणारे पार्ट प्रेस होतात. पत्र्यावर धुळीचा एक कण जरी राहिला तरी डायमध्ये दाबला जातो आणि पार्टवर पुळी उठते, पेंटनंतर ती लांबून चमकते. म्हणून प्रेसच्या आधी पत्रा धुतात. पण धुतात कशाने माहितीय? पातळ तेलानेच! ब्रशने घासायचं, रोलरने पिळायचं आणि सगळीकडे सारखा पातळ तेलाचा थर मुद्दाम ठेवायचा, कारण पुढे प्रेसिंगला तो लागतो. तुम्हाला एजंट दाखवतोय ते अल्कलीच्या (तेल तोडणाऱ्या क्षाराच्या) गरम पाण्याचं, ते पत्रा पूर्ण कोरडा आणि उघडा करतं. दिसायला दोन्ही सारखी, काम वेगळं.

आता तुमचा हिशोब. हे मशीन फक्त सपाट पत्रा घेतं, रोलरमधून जायचं असतं, बेंड झालेला बॉक्स त्यात जाणार नाही. म्हणजे धुवायचं ते बेंडिंगच्या आधी. मग धुतलेला पत्रा तुम्ही प्रेस ब्रेकवर (बेंडिंगच्या मशीनवर) नेणार, तिथे टूलला ग्रीस, हेल्परच्या हाताचा घाम, वेल्डिंगचा स्प्रे, सगळं परत लागणार. शिवाय तेल काढलेला सीआरसीए पत्रा पावसाळ्यात एक रात्र ठेवून बघा, सकाळी पिवळसर झाक आलेली असते आणि जिथे हात लावलाय तिथे बोटांचे ठसे उमटलेले असतात, अक्षरशः पाचही बोटं मोजता येतात. म्हणजे धुतल्यावर त्याच दिवशी कोटिंगला जाणार असेल तरच अर्थ आहे, आणि तुमच्याकडे मधे बेंडिंग वेल्डिंग आहे, ते जमणार कसं?

खर्चाचं पण ऐका. १००० लिटरची टाकी २५ अंशावरून ६० वर न्यायला जवळपास ४१ युनिट वीज लागते, १८ किलोवॅटचा हीटर असेल तर सव्वादोन तास नुसतं गरम व्हायची वाट बघायची, आणि हे उष्णता बाहेर जाते ते न धरता. ४० शीटसाठी रोज एवढं. मग रोलर. रबराचे रोलर स्वस्त असतात पण लेझरच्या पीसला जरा बर (कडेला उरलेली धारदार कोर) असला की रोलरवर चीर पडते आणि त्या चिरेच्या जागेवर पत्र्यावर पाण्याची एक रेघ उमटत राहते, पहिल्या पीसपासून शेवटच्यापर्यंत त्याच जागी. आम्ही न विणलेल्या फायबरचे रोलर लावले, महाग आहेत पण छोट्या चिरा दाबून घेतात आणि पाणी पण शोषतात. आणि सुकवायला ब्लोअर घ्या, कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात कॉम्प्रेसरचं तेल येतं, धुतलेल्या पत्र्यावर तेच परत बसतं. हे आम्ही दोन महिने शोधत होतो, फिल्टर बदलला तेव्हा कळलं.

माझं मत, आत्ता घेऊ नका. भोसरीवाल्या दादांची टेस्ट करा आधी.

नवउद्योजक_७

हँडहेल्ड लेझर क्लीनिंग मशीन बघितलंय का कुणी? ना पाणी ना केमिकल, गंज पेंट सगळं उडतं, व्हिडिओ बघा.

प्रेसशॉप_मेंटेनन्स

भाऊ ते वेल्डच्या आसपास, डायवर, छोट्या जागेवर मस्त आहे. पण दरवाजाचा अख्खा पत्रा दोन्ही बाजूंनी तेलापासून साफ करायचा तर एका पीसला किती वेळ जाईल ते बघा, आणि योग्य गॉगल आणि बंद जागा नसेल तर डोळे जातील ऑपरेटरचे. चमकदार पत्र्यावरून किरण परततो.

पॅनेलवाला_अंबड

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस लागले पण नीट बघून लिहितोय.

पाण्याची टेस्ट केली. थिनरने पुसलेल्या दरवाज्यावर पाणी लगेच फाटलं, आणि फाटलं ते पण कसं, हेल्परचा हात जसा गोल फिरला तशाच कमानी दिसत होत्या. म्हणजे पुसायचं काम आजपासून बंद. मग कोटिंगवाल्याकडे गेलो, तो सेव्हन टँकच करतो, डिग्रीसिंगनंतर पाण्यातून काढलेले तीन पीस धरले, पाणी सलग राहिलं तिन्हींवर. तापमान ५८ दाखवत होतं. म्हणजे तेल त्याच्याकडे निघतंय.

आता पोपड्याचं. परत आलेले दरवाजे उन्हात नेऊन बघितले. मधे कुठेच सुटलेलं नाही! सगळं कडेला, मीटरच्या ९२ बाय ९२ च्या कटआउटच्या चारही कडा आणि २२.५ मिमीच्या पुश बटणाच्या भोकांभोवती, दोन तीन मिमीची पट्टी. सेलोटेप लावून ओढली तर कोटिंगची दोऱ्यासारखी सलग पट्टी निघून आली आणि तिच्या आतल्या बाजूला काळपट राखाडी पापुद्रा चिकटलेला होता, खाली पत्रा चकचकीत. बॉडीच्या १.६ मिमीच्या पत्र्यावर हे कुठेच नाही, फक्त २ मिमीच्या दरवाज्यांवर आहे. हे काय आहे?

फायबरलेझर_ऑपरेटर

साहेब हे तेल नाहीच. तुमचे दरवाजे ऑक्सिजनवर कापलेत. लेझरवाल्याला फोन करून विचारा, जूनपासून २ मिमीला नायट्रोजन बंद करून ऑक्सिजन लावलाय का.

होतं असं की ऑक्सिजनने कापताना लोखंड जळतं, त्या उष्णतेनेच कटिंगला मदत होते, म्हणून गॅस कमी लागतो आणि स्वस्त पडतं. पण कडेवर ऑक्साइडचा काळा पापुद्रा बसतो. कोटिंग त्या पापुद्र्याला घट्ट चिकटतं, पण पापुद्रा स्वतः पत्र्याला घट्ट नसतो. म्हणून कोटिंग सुटतं तेव्हा त्याला घेऊन सुटतं, तुम्हाला मागे दिसलं ते तेच. नायट्रोजनने कापलं की कड चांदीसारखी येते, पण त्याला १० बारच्या वर प्रेशर आणि भरपूर गॅस लागतो, म्हणून बरेच जण पातळ पत्रा नायट्रोजनवर आणि जाड ऑक्सिजनवर करतात, रेट खाली आणायचा असेल तर २ मिमी पण ऑक्सिजनवर जातो. कॉम्प्रेस्ड हवेवर पण कापतात, त्यात थोडं ऑक्साइड येतंच.

ते धुवायचं मशीन तुम्ही घेतलं असतं तरी हा पापुद्रा निघाला नसता. गरम अल्कली तेल काढते, ऑक्साइडला काही करत नाही, आणि नायलॉनचा ब्रश तर नाहीच. कर्ज पण झालं असतं आणि दरवाजे पण परत आले असते, म्हणून लिहितोय एवढं.

केमिस्ट_ताई

ऑपरेटर दादांचं निदान बरोबर वाटतंय. दोन गोष्टी माझ्याकडून, मी प्रीट्रीटमेंट केमिकलमध्ये काम करते.

एक, कोटिंगवाल्याचा टँक आज चांगला आहे म्हणजे महिनाभराने असेलच असं नाही. त्याला रोज अल्कलिनिटी काढायला सांगा, टँकचं १० मिली द्रावण, फिनॉल्फ्थेलीनचे दोन थेंब, गुलाबी रंग जाईपर्यंत डेसिनॉर्मल (०.१ नॉर्मल ताकदीचं) ॲसिड, जितके मिली लागले तितके पॉइंट. पाच मिनिटांचं काम आहे. आणि टाकीवर तरंगणारं तेल काढलं पाहिजे, नाहीतर पीस साफ होऊन वर येताना त्याच तेलाच्या थरातून बाहेर येतो. शेवटचं पाणी बोअरचं असेल तर ते पण बघा, क्षार राहिले तर आज काही दिसत नाही, सहा महिन्यांनी दमट हवेत कोटिंगखाली फोड येतात.

दुसरी गोष्ट, त्या दोन हेल्परांसाठी लिहितेय. दिवसभर उघड्या हातांनी थिनर म्हणजे कातडी फाटते, डोकं गरगरतं, आणि शेजारी वेल्डिंग चालू असेल तर आगीचा धोका वेगळाच. बंद केलंत ते फार बरं केलंत. याच्या जागी कुणी ट्रायक्लोरोइथिलीन सुचवलं, ते अजून बरेच जण सुचवतात कारण तेल खरंच झटकन काढतं, तर अजिबात घेऊ नका. त्याने माणसाला कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१२ मध्येच पक्कं केलंय. पुढेमागे धुण्याचं मशीन घ्यायचंच झालं तर त्या पाण्याचं काय करणार हे आधी ठरवा, तेलकट अल्कलीचं पाणी गटारात सोडता येत नाही, प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात ते दाखवावं लागतं. एजंट हे सांगत नाहीत.

पॅनेलवाला_अंबड

लेझरवाल्याला भेटून आलो. हो म्हणाला. जूनमध्ये नायट्रोजनचे सिलिंडर महाग पडायला लागले म्हणून २ मिमी आणि वरचं सगळं ऑक्सिजनवर घेतलं, मला सांगायचं त्याच्या लक्षातच आलं नाही, आणि मी पण मालासोबतच्या चलनावर (चिठ्ठीवर) कधी लिहिलं नव्हतं. आता दरवाजे परत नायट्रोजनवर, दर थोडा वाढवून दिला, तो १८ दरवाजांच्या नुकसानीपुढे काहीच नाही. चलनावर "नायट्रोजन कट" असं लिहूनच पाठवतोय. एजंटला नको म्हणून कळवलं.

आत ऑक्सिजनवर कापून पडलेले ६० दरवाजे आहेत, ते टाकवत नाहीत. मीटरच्या कटआउटच्या कडा हँड ग्राइंडरवर नॉनवोव्हन व्हील (घासायचं जाळीदार फायबरचं चाक) लावून घासल्या, काळा रंग जाऊन चांदी दिसली, दोन दरवाजे कोट करून ब्लेडने चौकटी पाडून टेप ओढली, एकही तुकडा निघाला नाही. पण पुश बटणाच्या २२.५ मिमीच्या भोकात व्हील जात नाही, एका दरवाज्यावर अशी १४ भोकं आहेत. त्याला काय करता तुम्ही?

ओव्हनवाला_भोसरी

ड्रिल मशीनला लावायचा छोटा शँकवाला (दांडीवाला) फ्लॅप व्हील, म्हणजे सँडपेपरच्या पट्ट्यांचं चाक, मिळतो, २० मिमीचा घ्या, एका भोकाला चार पाच सेकंद, फक्त आतली भिंत काळी राहायला नको. किंवा कोटिंगवाल्याच्या डिरस्टिंग टँकमध्ये वेळ वाढवून बघा, पण तो फॉस्फोरिकचा सौम्य टँक असेल तर ऑक्साइड सहज निघणार नाही, आणि हायड्रोक्लोरिकचा असेल तर दरवाज्याची दुमडलेली कड जपा, तिच्यात ॲसिड अडकलं की नंतर तिथूनच गंजाचं पाणी गळतं. एक दरवाजा आधी करून बघा, मग ५९.