आईबाप दोघांचे खुबे चांगले, तरी पिल्लाला हिप डिस्प्लेशिया कसा?

प्रश्न: हिप डिस्प्लेशिया (खुब्याच्या सांध्यातला चेंडू वाटीत नीट न बसणं) याबद्दल. लॅब्रॅडॉरची जोडी. ब्रिटिश पद्धतीने नर ३:४, मादी ५:५ (प्रत्येक खुब्याला ० ते ५३, कमी तितकं चांगलं). वेतात सात पिल्लं. वर्षाची झाल्यावर तिघांचे एक्स-रे काढले. दोन ठीक, एक थेट १९:२४. म्हणजे रिसेसिव्ह जीन (दोन्हींकडून आला तरच दोष दिसतो असा) दोन्हींकडून आला का? डीएनए चाचणीत कॅरिअर (स्वतः ठीक, पण दोषाचा जीन बाळगणारा) कोण ते कळेल? हीच जोडी परत लावायची आहे.

प्रतिसाद १: 'कॅरिअर' हा शब्द इथे चालतच नाही. थोडाथोडा परिणाम करणारे पुष्कळ जीन असतात, वर खाणं, वजन, वाढीचा वेग. (आखूड पायांच्या एसडी२ ची, म्हणजे स्केलेटल डिस्प्लेशिया २ ची, चाचणी आहे, कारण तो सीओएल११ए२ या एकट्या जीनमधला रिसेसिव्ह दोष. बरेच जण दोन्हींची गल्लत करतात.)

हिशेब करून बघा. दोन्ही खुब्यांच्या गुणांची बेरीज घ्या. जातीची सरासरी १२ धरा, हेरिटॅबिलिटी (फरकातला आनुवंशिक वाटा) ०.३५. आईबापांची सरासरी ८.५, म्हणजे ३.५ ने चांगली. त्यातले जेमतेम सव्वा गुण पिल्लांत उतरणार, म्हणजे अपेक्षित सरासरी पावणेअकरा. शिवाय जातीतल्या आनुवंशिक फरकापैकी साधारण निम्मा सख्ख्या भावंडांमध्येच दिसतो. १९:२४ म्हणजे ४३ वाईटच, पण अशक्य नाही.

प्रतिसाद २: +१. उरलेल्या चौघांचे एक्स-रे आधी काढा. वाईट फिल्म बरेच जण गुणांकनाला पाठवतच नाहीत, त्यामुळे कागदावर सगळी घराणी छान दिसतात. ईबीव्ही (पुढच्या पिढीत काय उतरेल याचा अंदाजी आकडा) मिळत असेल तर तोच बघा: त्यात भावंडं, आधीची पिल्लं सगळी धरली जातात. शून्य म्हणजे जातीची सरासरी, उणे म्हणजे धोका कमी. या ४३ मुळे आईबाप दोघांचाही ईबीव्ही वर सरकेल.

प्रतिसाद ३: ती फिल्म नीट आहे ना? भूल देऊन, उताणं झोपवून, मागचे पाय समांतर ताणून, गुडघे आत वळवलेले हवेत. कंबरेच्या हाडातली दोन्ही ऑब्ट्युरेटर छिद्रं सारखी दिसायला हवीत. कंबर कलली की एक वाटी खोल दिसते, दुसरी उथळ. मादी माजावर असताना काढू नका.

उलटी गडबडही होते. पाय ताणले की सांध्याभोवतीची पिशवी पिळली जाते, चेंडू वाटीत बसतो आणि सैलपणा झाकला जातो. आईबापांचे गुण त्यामुळेही चांगले आले असतील. पेनहिप या एक्स-रेच्या दुसऱ्या पद्धतीत चेंडू मुद्दाम बाहेर ढकलून सैलपणा मोजतात, तेही पिल्लू १६ आठवड्यांचं झाल्यापासून. सैलपणाचा इंडेक्स ०.३० पर्यंत असला तर पुढे संधिवाताचा धोका फार कमी.

प्रश्नकर्ता: मग जोडी परत लावू की नको?

प्रतिसाद १: नको. तेच आईबाप, तीच अपेक्षित सरासरी. मादीला असा नर बघा ज्याच्या आधीच्या वेतांतल्या बहुतेक पिल्लांचे गुण नोंदलेले आहेत. आणि नर फारच सडपातळ वाढवलेला असेल तर त्याच्या गुणांवर थोडं कमी विसंबा. कमी वजनाने सांधा बरा राहतो, जीन बदलत नाहीत.