फ्रॅक्शनडिजिट्स २ असताना १२.५०० चालतं का? सल्ला हवा

अर्धविराम:
मंडळी, एक्सएसडीत (एक्सएमएल फाइलचे नियम लिहायची भाषा) रकमेचा टाइप डेसिमल, म्हणजे दशांश संख्येच्या टाइपवरून काढलाय, फ्रॅक्शनडिजिट्स (बिंदूनंतरच्या अंकांची मर्यादा) २ ठेवलंय. समोरून १२.५०० आलं. (आकडे इथे देवनागरीत टाइप करतोय, फाइलमध्ये इंग्रजीच आहेत.) एक व्हॅलिडेटर (फाइल नियमात बसते का ते तपासणारा प्रोग्राम) गुमान घेतो, दुसरा एरर देतो. २००१च्या स्पेकमध्ये (एक्सएसडीच्या अधिकृत नियमावलीत) व्याख्या काय, तर व्हॅल्यूच्या अपूर्णांकात जास्तीत जास्त किती अंक. अहो, अंक लिहिलेल्या आकड्यात असतात, व्हॅल्यूत कुठून आले? कोणाचं खरं मानू?

कंसमामा:
घेणाऱ्याचं. १२.५, १२.५० आणि १२.५०० ही लिखाणं तीन, व्हॅल्यू एकच. हे फॅसेट (टाइपवरची अट) व्हॅल्यू स्पेसला, म्हणजे मूल्यांना लागतं, लेक्सिकल स्पेसला, म्हणजे लिखाणाला नाही. २००४च्या दुसऱ्या आवृत्तीत तसा खुलासाच आहे: शेवटी जादा शून्यं असली तरी चालतात. टोटलडिजिट्सचंही (एकूण अंकांची मर्यादा) तेच, ००१२ मधली पुढची शून्यं मोजायची नाहीत. मूळ व्याख्येची शब्दरचना मात्र ढिसाळ होती, त्यात तुमची चूक नाही.

अर्धविराम:
पण पलीकडच्या सिस्टिमला तिसरा दशांश दिसताच ती गडबडते.

कंसमामा:
मग पॅटर्न (मजकुराचा साचा ठरवणारी अट) लावा. तो लिखाणावरच चालतो.

रिकामा_टॅग:
माझं मत वेगळं. पॅटर्न लावलात की उद्या २१०. असं नुसता बिंदू असलेलं लिखाणही अडेल, आणि डेसिमलला ते वैध आहे. आत घ्या, पुढे पाठवताना दोन दशांशांत लिहा. आणि टोटलडिजिट्स एक्सएसडी १.० मध्ये १८च्या, १.१ मध्ये १६च्या वर नेऊ नका. १.० मध्ये प्रोसेसरला किमान १८ अंक सांभाळायची सक्ती होती, २०१२च्या १.१ मध्ये ती १६वर आली.

अर्धविराम:
पुढे पाठवणारा कोड माझ्या हातात नाही हो. पॅटर्न टाकला, तर आता साधं १२.५ सुद्धा पास होईना.

कंसमामा:
पॅटर्नच्या सुरुवातीला कॅरेट (^), शेवटी डॉलर ($) लावलेत ना? काढा. एक्सएसडीचा पॅटर्न मुळातच अख्ख्या मजकुराला लागतो, ही दोन चिन्हं तो साधी अक्षरं म्हणून शोधतो. आणि बॅकस्लॅश डी (\d) वापरलं असेल तर त्याजागी शून्य ते नऊ लिहा. डी म्हणजे युनिकोडमधले (सर्व लिप्यांच्या अक्षरांची यादी) सगळे दशमान अंक, आपले देवनागरीही आले. डेसिमलमध्ये बेस टाइपच ते अडवतो, पण स्ट्रिंगवरच्या (साध्या मजकुराच्या टाइपवरच्या) क्रमांकात बिनबोभाट शिरतात.

अर्धविराम:
कॅरेट-डॉलर दोन्ही होते. काढले, १२.५ पास, १२.५०० दोन्हीकडे नापास. आता स्ट्रिंगवाले पॅटर्न उघडून बसतो, सगळीकडे डीच आहे.