मदत हवी आहे: प्राचीन काळातला ऑगस्ट, आणि त्यात आपल्याकडचं काही

मंडळी, आमच्या वाचनालयाच्या फलकावर ‘प्राचीन काळातला हा महिना’ असं सदर मी लिहितो. ऑगस्टची यादी भराभर जमली, पण सगळी रोमचीच. इ.स.पू. २१६, २ ऑगस्ट: इटलीतल्या कॅनीला कार्थेजचा सेनापती हॅनिबलने रोमन सैन्य कापून काढलं. इ.स. १४, १९ ऑगस्ट: सम्राट ऑगस्टस गेला, तोही स्वतःचंच नाव दिलेल्या महिन्यात (आधी सेक्स्टिलिस म्हणत, इ.स.पू. ८ मध्ये नाव बदललं). ३७८, ९ ऑगस्ट: एड्रियानोपलला गॉथांशी लढताना सम्राट व्हॅलेन्स पडला. ४१०, २४ ऑगस्ट: गॉथांचा राजा अलारिकने खुद्द रोम लुटलं.

व्हेसुव्हियसचा उद्रेकही आजवर २४ ऑगस्ट ७९ असाच छापला जातो. उद्रेक स्वतः पाहिलेल्या धाकट्या प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्राच्या नकलांमधून ती तारीख आली. पण २०१८ साली त्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबर ही तारीख सापडली. साल नाही, पण कोळशाचं लिखाण फार काळ टिकत नाही, म्हणून ते त्याच वर्षीचं असावं असं काही अभ्यासक म्हणतात. मग हा उद्रेक ऑगस्टमधून काढू का?

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. सभासद विचारतात, आपल्याकडे तेव्हा काही घडतच नव्हतं का? नाशिकच्या पांडवलेणीत, ३ नंबरच्या लेण्यात, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं दानपत्र आहे: पश्चिम कखडी गावचं २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत, जे आधी उषवदाताकडे (क्षत्रप नहपानाचा जावई) होतं, ते भिक्षूंना दिलं. काळ दिलाय ‘संवत्सर १८, वर्षापक्ष २, दिवस १’. पावसाळ्याचा दुसरा पंधरवडा म्हणजे श्रावण शुद्ध प्रतिपदा. ऑगस्टमध्ये टाकलं तर चालेल?

प्रतिसाद

नका टाकू, ते जुलैत जाईल. मध्य प्रदेशातल्या एरणचा गुप्त राजा बुधगुप्ताचा स्तंभलेख बघा: गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. वार दिल्यामुळे तारीख पक्की काढता येते: २१ जून ४८४. म्हणजे त्या वर्षी आषाढी एकादशी २० जूनला होती. आज ती इतक्या लवकर कधी येते का? आपले महिने नक्षत्रांना बांधलेले, त्यामुळे ऋतूंच्या मानाने ते साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. सातवाहन काळात श्रावण शुद्ध प्रतिपदा जूनअखेर ते जुलै अशी येणार.

पण त्याच लेण्यात राजाचं दुसरं पत्र आहे, संवत्सर २४ चं, ‘वर्षापक्ष ४, दिवस ५’. तुमच्याच हिशेबाने भाद्रपद शुद्ध पंचमी. ती तेव्हा बहुधा ऑगस्टातच पडत असणार. शिवाय मजकूर जास्त रंगतदार: आधी दिलेलं शेत कसलं जात नाही, गाव ओस पडलंय, म्हणून नगराच्या शिवेवरच्या राजाच्या शेतातलं १०० निवर्तनं त्याऐवजी द्या. आणि आदेश राजाच्या एकट्याच्या नावाने नाही, राजमातेच्याही. मी तर हेच सगळ्यात वर लिहिलं असतं. फक्त तारखेऐवजी ‘ऑगस्टच्या सुमारास’ लिहा. इसवी सनातलं वर्ष टाकू नका, गौतमीपुत्राच्या राज्यारोहणावर अभ्यासकांचं एकमत नाही.

कॅनीबद्दलही एक. २ ऑगस्ट ही तेव्हाच्या रोमन पंचांगातली तारीख. ज्युलियस सीझरने ते नंतर सुधारलं, त्यामुळे आजच्या ऑगस्टशी ती ताडून बघू नका. ‘रोमन तारखेप्रमाणे’ एवढी पुस्ती पुरे. पॉम्पेई ठेवा, पण दोन्ही तारखा द्या. लोक फलकापाशी थांबून वाद घालतील.

मूळ धागाकर्ता

हे भारी झालं, काका. संवत्सर २४ वरच घेतो. १०० निवर्तनं म्हणजे किती एकर हे विचारणारच कोणीतरी, काय लिहू?

प्रतिसाद

एकर लिहूच नका. निवर्तनाचं माप जागोजागी वेगळं होतं. ‘जमीन मोजायचं जुनं माप’ म्हणा आणि मोकळे व्हा.