मदत हवी आहे: डी ड्राइव्ह उघडत नाही, फॉरमॅट मागून राहिला (तातडीचं)

काटोलवाला
घरच्या कॉम्प्युटरचा डी ड्राइव्ह परवापासून उघडत नाही. क्लिक केलं की 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' असं येतं. मी कॅन्सल केलं. आतला डेटा काही करून परत पाहिजे. फुकटचं चांगलं सॉफ्टवेअर कोणतं ते सांगा. नागपूरला बर्डीत एका दुकानात विचारलं तर डिस्क न पाहताच १८ हजार म्हणाले. रविवारी काटोलला जायचं आहे, त्याआधी व्हायला पाहिजे.

बर्डीचा_भाऊ
फोटोरेक, गेलेल्या फाइली काढून देणारं फुकटचं सॉफ्टवेअर. डोळे मिटून टाका. माझ्या साळ्याच्या लग्नाचे चार हजारांवर फोटो त्यानंच काढून दिले, एक रुपया लागला नाही. दुकानाची पायरी चढू नका.

स्वरूपा_धरमपेठ
दादा, आधी थोडं सांगा. डी ड्राइव्ह म्हणजे त्याच डिस्कचा पाडलेला भाग (पार्टिशन) की वेगळी डिस्क? किती जीबीची? टकटक असा आवाज येतो का? पडली होती का? आणि बिघडायच्या आधी नेमकं काय झालं होतं?

काटोलवाला
वेगळी डिस्क आहे, १ टीबी, आठ वर्षं जुनी. आवाज नाही, पडली नाही. लाइट गेली, आली, तेव्हापासून असं झालं. यूपीएस नाही. सॉफ्टवेअरचं नाव सांगा ना कोणी. भाच्यानं एक टाकून दिलं आहे, २६ तासांपासून स्कॅन होऊन राहिलं, ३१ टक्के झालं. फाइली सापडल्या म्हणते, पण सेव्ह करायला पैसे मागते.

लिनक्सवेडा
भाऊ, ते स्कॅन आत्ता बंद करा. २६ तासांत ३१ टक्के म्हणजे डिस्क कुठंतरी अडून एकच जागा पुन्हा पुन्हा वाचायला बघते आहे. आजारी डिस्कला असं पळवलं तर जे आज वाचता येतं तेही उद्या जाईल. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि 'करंट पेंडिंग सेक्टर', म्हणजे वाचता न येणारे डिस्कचे छोटे कप्पे, यासमोर काय आकडा आहे तो टाका.

निवृत्त_मास्तर
एवढं कशाला? चेकडिस्क चालवा. विंडोजमध्येच असतं. २००५ पासून मी तेच करत आलो, दोनदा पूर्ण डिस्क परत मिळाली.

लिनक्सवेडा
मास्तर, तुमच्या डिस्कचे सेक्टर चांगले असतील. चेकडिस्क डेटा वाचवायला बनलेलंच नाही, ते फाइल सिस्टिमचा, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे त्या नोंदवहीचा हिशोब जुळवतं. जुळला नाही की तुकडे तोडून फाउंड डॉट ट्रिपल झिरो नावाच्या फोल्डरमध्ये टाकतं. तेही मूळ डिस्कवरच लिहून.

निवृत्त_मास्तर
मला दोनदा मिळाला आहे. अनुभव सांगितला.

काटोलवाला
भाच्यानं चेकडिस्क आधीच करून पाहिलं. 'रॉ ड्राइव्हवर चालत नाही' असं आलं. स्कॅन बंद केलं. क्रिस्टलमध्ये पिवळं 'कॉशन' दिसून राहिलं. पेंडिंगसमोर सगळे शून्य आणि शेवटी १०.

लिनक्सवेडा
रॉ म्हणजे विंडोजला डिस्कची मांडणीच ओळखू येत नाही. चालत नाही म्हणाला हे तुमचं नशीब. तो आकडा हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीनं लिहिलेला असतो, त्यातले १० म्हणजे आपले १६. तेवढे सेक्टर वाचता येत नाहीत. फार नाहीत. पण नेमके कुठले, त्यावर सगळं आहे.

जुनाखेळाडू
प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी गार असतानाच पटकन कॉपी करा. आमच्या ऑफिसात चाललं होतं.

अंबाझरी_लेआउट
कृपा करून कोणी हे करू नका. मे महिन्यात नागपुरात फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कला दोन मिनिटांत बाहेरून आणि आतून दव धरतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी आमच्या घरात कमरेएवढं शिरलं, तेव्हा सीपीयू बुडाला होता. मी डिस्क काढून पुसली, हेअर ड्रायरनं वाळवली आणि जोडली. तीन मिनिटं फिरली आणि खर्र आवाज करून थांबली, ती कायमची. आईचे सगळे फोटो त्यात होते. नंतर एका जाणकारानं सांगितलं की वाळवायची आणि चालू करायची नव्हती, आहे तशी ओलीच पिशवीत बंद करून क्लीनरूमवाल्यांकडे (धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडणाऱ्यांकडे) द्यायची होती. पाणी नुसतं वाळलं की त्यातला गाळ तबकडीवर चिकटतो. यांची डिस्क कोरडी आहे, ती कोरडीच राहू द्या.

पुणेरी_पाहुणा
यापुढे हार्ड डिस्क घेऊच नका. एसएसडी घ्या, ५०० जीबीची पुरेल.

स्वरूपा_धरमपेठ
त्यांनी काय घ्यायचं ते विचारलं नाही. आणि एसएसडीत ट्रिम (डिलीट केलेली जागा आपोआप रिकामी करणारी सोय) चालू असलं तर चुकून डिलीट केलेली फाइल बहुतेक वेळा मिळतच नाही, हेही सांगा मग.
काटोलवाला दादा, डेटा म्हणजे नेमकं काय आहे? सगळं पाहिजे की काही ठराविक?

बर्डीचा_भाऊ
काहीही असो, फोटोरेकमध्ये सगळं निघतं. जेपीजी, एक्सेल, वर्ड, पीडीएफ. यात विचारण्यासारखं काहून आहे?

काटोलवाला
सांगतो. बाबांचं आहे सगळं. काटोलला साडेपाच एकर संत्रा आहे, ६१० झाडं. २०१३ पासून बाबा प्रत्येक झाडाचा फोटो काढतात, मृगाच्या आधी एक आणि तोड झाल्यावर एक. डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) लागला तर खोडाचा वेगळा, बोर्डोपेस्ट (त्यावरचा चुना-मोरचुदाचा लेप) लावल्यावर परत. प्रत्येक ओळीचा फोल्डर आणि फोटोला नाव 'ओळ ०७ झाड १२ डिंक्या' असं. बाबा ७१ वर्षांचे आहेत, एका बोटानं टाइप करतात. एक फोटो आला की आधी नाव देतात, मगच दुसरा घेतात. तोडीचा हिशोब एक्सेलमध्ये आहे, त्यातही झाडाचा नंबरच. कॉम्प्युटर दुरुस्तीला म्हणून मी नागपूरला आणला, तेव्हा फक्त पंखा आवाज करत होता. डिस्क माझ्याकडे असताना बिघडली. बाबांना अजून सांगितलं नाही.

स्वरूपा_धरमपेठ
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. भाऊ, आता पाहा काहून विचारलं ते. फोटोरेक फाइलच्या सुरुवातीची खूण ओळखून फाइल उचलतं, नाव आणि फोल्डर त्याला कळतच नाहीत. हजारो फोटो एफ आणि पुढे सात-आठ आकडे अशा नावांनी मिळतील. ६१० खोडांचे फोटो, कोणतं कोणाचं कसं ओळखणार? यांचा डेटा नावांतच आहे.

बर्डीचा_भाऊ
लग्नाच्या फोटोंना नावं नव्हती, तेव्हा हे लक्षातच आलं नाही. पण फोटोच्या आत तारीख-वेळ असते, ती तर राहते. बाबा ओळीनं फिरत असतील तर वेळेवरून क्रम लावता येईल. बाकी सगळं फसलं तर.

लिनक्सवेडा
बरोबर, ते शेवटचं. आधी हे करा.
नवीन डिस्क घ्या, १ टीबीची नाही, २ टीबीची. कॉपी करताना मूळ कोणती आणि नवीन कोणती यात गफलत झाली की कोरी डिस्क तुमच्या डेटावर उतरते. आकार वेगळे असले की स्क्रीनवर ओळखू येतात. उबंटूचा (विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टिम) पेनड्राइव्ह बनवून त्यावरून सुरू करा, म्हणजे विंडोज डिस्कला हात लावणार नाही. मग डीडीरेस्क्यू, आजारी डिस्कची कॉपी काढणारं सॉफ्टवेअर. ते आधी चांगला भाग भराभर उचलतं, अडलेली जागा सोडून पुढे जातं आणि तिथे शेवटी परत येतं. कुठवर कॉपी झालं याची नोंद ठेवणारी मॅप फाइल पेनड्राइव्हवर नको, पुसली जाईल, दुसऱ्या कुठल्या तरी ड्राइव्हवर ठेवा. ती असली की लाइट गेली तरी सोडलं तिथूनच पुढे सुरू होतं. डिस्क धडधाकट असती तर तीन तासांत झालं असतं, तुमची रात्रभर घेईल.
त्यानंतर मूळ डिस्क काढून कपाटात. टेस्टडिस्क (बिघडलेलं पार्टिशन दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) फक्त कॉपीवर चालवायचं. आणि मधेच टकटक सुरू झालं तर लगेच बंद करा, मग घरचे उपाय संपले.

अंबाझरी_लेआउट
सीपीयूचं झाकण उघडून समोर साधा पंखा लावा. कूलरसमोर ठेवू नका, ती हवा ओली असते. आणि यूपीएस कोणाकडून तरी एका रात्रीसाठी मागून आणा.

निवृत्त_मास्तर
बाबांनी नावं युनिकोडमध्ये दिली आहेत की जुन्या कृतिदेव फॉन्टमध्ये? माझे शाळेचे सगळे निकाल कृतिदेवमध्ये अडकून पडले आहेत, कोणी बदलून देईल का?

स्वरूपा_धरमपेठ
मास्तर, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी मदत करते. इथे हे हरवून जाईल.

काटोलवाला
शनिवार सकाळ. शेजारच्या काकांनी यूपीएस दिला. रात्री ११ ला लावलं. एक वाजेपर्यंत सरसर गेलं, मग एका जागी पावणेदोन तास अडलं. माझा हात दोनदा बटणाकडे गेला, पण धरून राहिलो. आत्ता संपलं. ९९.९९ टक्के, न वाचलेलं १२ केबी. टेस्टडिस्कमध्ये ॲडव्हान्स्ड, मग बूट केलं. 'बूट सेक्टर: बॅड' आणि खाली 'बॅकअप बूट सेक्टर: ओके' आलं आहे. पुढे काय? काही दाबलं नाही.

लिनक्सवेडा
म्हणजे मेलेल्या सेक्टरांतला एक नेमका पार्टिशनच्या पहिल्या पानावर, म्हणजे बूट सेक्टरवर होता. विंडोजची फाइल सिस्टिम एनटीएफएस त्याची एक प्रत पार्टिशनच्या शेवटी ठेवते, ती प्रत चांगली आहे. आधी 'लिस्ट' करून फोल्डर दिसतात का पाहा. नाही दिसले तरी घाबरू नका. कॉपीवरच आहात ना, मग 'बॅकअप बीएस' दाबा, लिहू का विचारलं की हो म्हणा, आणि रीस्टार्ट.

काटोलवाला
आलं. सगळ्या ओळींचे फोल्डर, नावांसकट. 'ओळ ०१' पासून 'ओळ २६' पर्यंत एकेक उघडून पाहिलं. एक्सेल उघडलं. ओळ १४ मधले तीन फोटो अर्धे राखाडी येतात, बाकी आतापर्यंत सगळे ठीक. आत्ताच बाबांना फोन करून सगळं सांगितलं. ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, चौदामधली कोणती झाडं? मी नंबर सांगितले, त्यांनी लिहून घेतले. उद्या सोबत जाऊन त्या तिन्ही खोडांचे नवे फोटो काढणार आहोत.
लिनक्सवेडा, स्वरूपाताई, अंबाझरीवाले, भाऊ, सगळ्यांचे मनापासून आभार.

स्वरूपा_धरमपेठ
छान झालं! जुनी डिस्क महिनाभर तरी फॉरमॅट करू नका. आणि आजच आणखी एक प्रत काढा. ती नागपूरला तुमच्याकडे राहू द्या, दुसरी काटोलला. दोन्ही एका घरात नकोत.

कळमेश्वरी
धागा आत्ता पाहिला. माझीही चार एकर बाग आहे. बाबांना एक विचाराल का, बोर्डोपेस्ट पावसाआधी एकदा लावतात की पावसानंतर परत लावतात? इतक्या वर्षांचे फोटो आहेत तर फरक दिसला असेल.