बेचिराखमध्ये 'राख' आहे का?

इटालियन दिग्दर्शक रॉसेलिनीच्या 'जर्मनी इयर झिरो' (1948) या महायुद्धानंतरच्या बर्लिनवरच्या सिनेमाचे मराठी सबटायटल्स करायचा हौशी उद्योग चालू आहे. बर्लिनचे ते पडके वाडेच्या वाडे दिसल्यावर मी झोकात 'बेचिराख शहर' टाकलं, तर बायको म्हणते, अरे माणसं तिथेच राहतायत की, एका घरात चार-चार कुटुंबं कोंबलीयत, मग बेचिराख कसलं? मी म्हटलं राख झाली म्हणून बेचिराख. ती म्हणाली, मग 'बेची' म्हणजे काय? इथे माझी बोलती बंद.

*

राखेचा काही संबंध नाही हो. मूळ फारसी, बे + चिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. जुन्या महसुली कागदांत 'बेचिराग' गाव म्हणजे वस्ती उठून गेलेलं गाव, मग ते लढाईने उठो नाहीतर दुष्काळाने, घरं धडधाकट उभी असली तरी चालेल. पुढे ग चा ख झाला आणि राख आयतीच आत शिरली.

*

म्हणजे गंमतच की! लंडनमध्ये सप्टेंबर 1939 पासून ब्लॅकआउट होता, शहर माणसांनी भरलेलं पण खिडकीतून उजेडाची तिरीप बाहेर येऊ द्यायची नाही. शब्दशः बेचिराग. आणि बर्लिन पार मोडलेलं पण आत चुली पेटतायत, तर ते नाही. वहिनींना पूर्ण मार्क.

*

'वेढा'पण सांभाळून वापरा. वेढा घालणारा बाहेरचा, वेढा पडतो तो आतल्यांना, क्रियापदावरूनच कळतं सांगणारा तटाच्या कुठल्या बाजूला उभा आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी लेनिनग्राड शहर कोंडलं, त्याला रशियन लोक 'ब्लकादा' म्हणतात, त्याला मी तरी नाकेबंदीच म्हणेन. 1941 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तिथे बहुतेकांना दिवसाला 125 ग्रॅम पाव मिळायचा, तोही भेसळीचा, त्यामुळे तिथल्या डायऱ्यांमध्ये तोफांपेक्षा पावाचीच मोजदाद जास्त. 'वेढा' म्हटलं की आपल्याला शिड्या आणि बुरूज दिसतात, तो पावाचा तुकडा दिसत नाही.

*

आणि शहर 'पडणं'? सगळ्यांना वाटतं होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्यात ट्रॉय शहर पडतं. नाही पडत! ट्रॉयचा मुख्य योद्धा हेक्टर, त्याच्या अंत्यसंस्काराला काव्य संपतं. ज्याच्या पोटात लपून ग्रीक शहरात शिरतात तो लाकडी घोडा होमरच्याच ओडिसीत आणि रोमन कवी व्हर्जिलकडे येतो. शहर अजून उभं आहे पण त्याचा मुख्य राखणदार गेलाय, याला मराठीत एक शब्द सापडत नाहीये, कुणाला सुचला तर सांगा.

*

बाकी सगळं मान्य, पण आज वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर राखच येते ना? शब्दाचा जन्मदाखला काढून वापर थांबवता येत नाही. पेपरात रोज 'बॉम्बहल्ल्यात बेचिराख' छापून येतं आणि सगळ्यांना कळतं. ठेवा बिनधास्त.

*

कळतं हे खरं, पण या सिनेमात नको वाटतंय. एक सीन आहे, तो बारा वर्षांचा पोरगा हिटलरच्या चॅन्सेलरीच्या, म्हणजे सरकारी कचेरीच्या, पडक्या भिंतींत ग्रामोफोनवर हिटलरच्या भाषणाची तबकडी लावतो, गिऱ्हाईक म्हणून आलेल्या दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांना विकायला. वर छप्पर नाही आणि खाली धंदा चालू. अशा सिनेमांना जर्मन लोक ढिगाऱ्यांचे सिनेमे म्हणतात, ते जास्त नेमकं आहे. मी 'बेचिराख' खोडून 'शहराचा नुसता ढिगारा झालाय' केलंय. ओळ लांबली, स्क्रीनवर बसवताना आता दोन तुकडे करावे लागणार.