सणाच्या कचऱ्याचे सगळे धडे घरांनाच का?

रिकामटेकडा अभियंता (धागाकर्ता)

आपल्या शहराच्या गटावर काल एक लांबलचक पोस्ट फिरत होती. तिचा आशय असा की, गणपतीपासून दिवाळीपर्यंत छत्रपती संभाजीनगरात कचऱ्याचा जो गोंधळ उडतो त्याचे मूळ घराघरांतील बेशिस्तीत आहे. लोक फुटलेली काच, सुया, सेल, अर्धवट जळालेले फटाके आणि निर्माल्य एकाच पिशवीत कोंबतात, त्यामुळे घंटागाडीवरचे कामगार जखमी होतात. म्हणून मिश्र कचरा देणाऱ्या प्रत्येक घराला दंड करावा आणि त्याचे नाव कॉलनीच्या फलकावर लावावे. या शेवटच्या सूचनेला मिळालेल्या टाळ्या पाहून सविस्तर लिहिणे भाग पडले.

धोका खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे भाग पाडले आणि वापरलेल्या सुया, टाकून दिलेली औषधे, सीएफएल दिवे, सेल, रंगांचे आणि कीटकनाशकांचे डबे हे सगळे घातक भागात घातले. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. हा भाग मी घरात वेगळा ठेवला तर तो द्यायचा कोणाकडे? आमच्या गल्लीत येणाऱ्या गाडीला दोनच कप्पे आहेत आणि सणाच्या दिवसांत त्यांच्यामधला पत्राही काढून ठेवलेला असतो. आईच्या इन्सुलिनच्या सुया मी जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून, वर लाल खूण करून देतो. गाडीवरील मुलाने ती बाटली माझ्यादेखत केळीच्या खुंटांवर भिरकावली. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण त्याला दुसरी जागाच दिलेली नाही.

आणि मंडळांचे काय? शंभराहून अधिक लोक जमणारा कार्यक्रम परवाना नसलेल्या जागी घ्यायचा असेल तर किमान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचे आणि कचरा जागेवरच वेगळा करायचा, हे त्याच नियमांत लिहिलेले होते. आपल्या चौकातील महाप्रसादाच्या आधी असे पत्र कोणी दिल्याचे ज्यांनी पाहिले असेल, त्यांनी कृपया येथे सांगावे.

मंडळाचा कार्यकर्ता

आलीच गाडी मंडळावर! अभियंतासाहेब, आपण वर्गणी किती देता हे विचारत नाही, परंतु विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे रस्त्यावरच्या चपला, गुलालाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या गोळा करायला आपण कधी आला आहात का, एवढे मात्र विचारतो. आम्ही येतो. मार्च २०१८ च्या बंदीनंतर आम्ही थर्माकोलची सजावट आणि ताटल्या बंद केल्या, पत्रावळी आणि द्रोण महाग पडत असूनही तेच वापरतो आणि निर्माल्यासाठी वेगळे पिंप ठेवतो. त्या पिंपात सकाळी काय सापडते? शेजारपाजारच्या घरांतून रात्रीच्या अंधारात आणून टाकलेले डायपर आणि फुटलेल्या बरण्या. आमच्या एका पोराच्या तळहाताला त्या काचेने टाके पडले. ती बरणी मंडळाची नव्हती.

नेत्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स वर्षभर चौकाचौकांत लटकतात, त्यांच्याविषयी धागा निघत नाही. गणपती आले की मात्र सगळ्यांना पर्यावरण आठवते.

वरणफळ

दोघांचेही म्हणणे वाचले आणि दोघेही स्वयंपाकघरात कधी उभे राहिले नसावेत अशी खात्री पटली. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सोळा भाज्यांची साले आणि देठे, पुरणाचा घाट आणि वीस-पंचवीस पाने जेवून उठलेली, असा ओला कचरा निघतो. तो वेगळा ठेवणे अवघड नाही, बायका तो पिढ्यान्‌पिढ्या वेगळाच ठेवत आल्या आहेत. अवघड आहे ते सुक्या कचऱ्याचे. दुधाच्या आणि तेलाच्या पिशव्या "धुऊन, वाळवून द्या" असे सूचनापत्रात छापणाऱ्याने आमच्याकडे नळाला किती दिवसांनी पाणी येते ते एकदा पाहावे. जायकवाडी भरल्याची छायाचित्रे पाहायची आणि घरात भांडी विसळलेले पाणी झाडांना घालायचे, असा आमचा संसार आहे. त्यात पिशव्या कशाने धुवायच्या? पाण्याचा प्रश्न सोडवा, मग कचऱ्याचे शिकवा.

एक गोष्ट मात्र कोणीच लिहिली नाही, म्हणून लिहिते. हल्ली आरासीत आणि दिवाळीत ज्या विजेच्या पणत्या लावतात, त्यांत बटणासारखे चपटे सेल असतात. जालन्याला माझ्या बहिणीच्या नातवाने असाच एक सेल गिळला. मूल लाळ गाळत होते, घास गिळत नव्हते, आणि घरच्यांना वाटले घसा आला असेल. क्ष-किरण चित्रात तो अन्ननलिकेत अडकलेला दिसला. डॉक्टरांनी सांगितले की असा सेल ओल्या त्वचेला चिकटला की दोन तासांतही खोल भाजू शकते; उलटी करवायची नाही, थेट रुग्णालय गाठायचे. मूल वाचले. तेव्हापासून जुने सेल मी चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे वरच्या फळीवर ठेवते आणि ते घेणारा माणूस शोधत असते.

नारेगावकर

आपल्या चर्चेत कचरा गाडीत पडला की संपतो. आमच्याकडे तो तेथून सुरू होत असे. तीस वर्षांहून अधिक काळ अख्ख्या शहराने आपल्या सणांचे उष्टे शहरालगतच्या आमच्या नारेगावच्या उशाशी, कचरा डेपोत आणून ओतले. दसऱ्यानंतर झेंडूचे कुजलेले ढीग, दिवाळीनंतर बारूद, आणि वर्षभर त्यात सुया, मेलेली जनावरे, प्लास्टिक. डोंगर पेटला की धूर मांडकीपर्यंत जाई आणि बोअरचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या तेव्हा शहराला प्रथमच समजले की कचरा कोठे तरी जात असतो. त्यामुळे "घराघराला दंड करा" ही सूचना मला तरी मुळीच कठोर वाटत नाही.

जुना सिडकोकर

हा इतिहास अर्धाच सांगितला जातो. गाड्या अडवल्यावर आम्ही आठवडेच्या आठवडे कचऱ्यात राहिलो. रोजचा चारशे-साडेचारशे टन कचरा निघणाऱ्या शहरात गल्ल्यांच्या तोंडाशी ढीग पेटवले जात होते आणि माझ्या दम्याच्या वडिलांना मला परभणीला भावाकडे पाठवावे लागले. आपल्या आंदोलनाने धूर थांबला नाही, तो फक्त आमच्या दारी आला. रस्ते आपले, म्हणून शहर वेठीस धरायचे, याला न्याय म्हणत नाहीत.

नारेगावकर

त्या तीस वर्षांत आमच्या वडिलांना दमा झाला तेव्हा त्यांना पाठवायला परभणीला भाऊ नव्हता. आणि वेठीचे म्हणाल, तर नारेगावला कचरा टाकण्यास उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मनाई केली, आमच्या ग्रामसभेने नव्हे. आपण न्यायालयालाही रस्ता अडवणारे म्हणणार काय?

मिटमिट्याचा पाहुणा

दोघांच्या भांडणात तिसरा म्हणून सांगतो. नारेगाव बंद झाल्यावर तो कचरा गुपचूप आमच्या बाजूला आणण्याचा प्रयत्न झाला आणि ७ मार्च २०१८ ला मिटमिट्यात दगड, लाठ्या, जाळपोळ सगळे झाले. माझे मामा त्या दिवशी दार लावून आत बसले होते, तरी त्यांच्या अंगणात अश्रुधुराचे नळकांडे येऊन पडले. पुढे पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवले, पालिका आयुक्तांची बदली झाली, आणि मग चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी अशी प्रक्रिया केंद्रे उभी राहिली. सिडकोकर काका, ही केंद्रे काही आपल्या वर्तमानपत्रांतल्या पत्रांमुळे आलेली नाहीत.

जुना सिडकोकर

मी काका नाही आणि पत्रेही लिहिलेली नाहीत. दगडफेकीतून प्रकल्प उभे राहिले असे ज्यांना मानायचे आहे त्यांनी खुशाल मानावे. केंद्रे झाली हे चांगले झाले, एवढे मी लिहून देतो. त्यासाठी शहराने नाक दाबून काढलेले दिवसही त्याच हिशोबात धरा.

बंबवाला (सेवानिवृत्त)

नारेगाव की मिटमिटा, हे भांडण आपण आणखी दहा वर्षे चालवू शकाल, परंतु आग का लागते ते कोणीच सांगितले नाही. ओला कचरा हवेविना दबून कुजला की मिथेन तयार होतो. त्याच ढिगात कागद, प्लास्टिक आणि कापड असते. त्यात भ्रमणध्वनीचा किंवा खेळण्याचा लिथियम सेल गाडीच्या दाबाखाली चिरडला की आतल्या आत विद्युतप्रवाह जुळतो, सेल तापतो आणि ठिणगी मिळते. न फुटलेला फटाकाही तेच काम करतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये ऐन दिवाळीत जिल्हा परिषद मैदानावरची फटाक्यांची दुकाने जळताना ज्यांनी पाहिली, त्यांना बारुदीबद्दल वेगळे सांगायला नको. तेव्हा अभियंतासाहेब, गाडीत कप्पा नाही ही आपली तक्रार योग्य असली तरी न फुटलेले फटाके रात्रभर पाण्याच्या बादलीत भिजवून ठेवण्यासाठी कोणत्याही कप्प्याची गरज नसते. सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावण्यासाठीही नसते. ही कामे घरातच होतात आणि ती न करणाऱ्याला पालिकेचा आडोसा घेता येणार नाही.

वरणफळताईंनी पाण्याचे म्हटले, तर त्या बादलीला वापरलेले पाणी चालते.

लातूरचा वासुदेव

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर आम्हांलाही बोलू द्या. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेले गाव आमचे. आपल्याकडे विसर्जनाला जिल्हा परिषद मैदानावरची विहीर तरी आहे. अशा विहिरींत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती, निर्माल्य आणि माळा एकत्र सोडण्याविषयी या धाग्यावर अवाक्षरही नाही, याचे आश्चर्य वाटते. प्लास्टर पाण्यात सहज विरघळत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात लहान मूर्ती विरघळवण्याची रीत केव्हाच दाखवली आहे आणि उरलेले द्रावण खत म्हणून झाडांना घालता येते.

मंडळाचा कार्यकर्ता

वासुदेवराव, मूर्तीचा वाद काढू नका, तो न्यायालयातच वर्षानुवर्षे मिटलेला नाही. येथे सुया आणि काचा चालल्या आहेत.

स्वच्छताप्रेमी

ज्या पोस्टवर हा धागा काढला आहे ती माझी आहे. मला विचारून काढला असता तर बरे झाले असते.

ती पोस्ट मी रागाच्या भरात लिहिली आणि राग अजून आहे. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा मुलगा कचरागाडीवर काम करतो. गेल्या सणात पिशवी दाबताना त्याच्या अंगठ्यात सुई घुसली. सुई कोणाची, ती वापरणाऱ्याला कोणता आजार, काहीही माहीत नाही. अशा वेळी एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके चांगले, सुरू कराव्या लागतात, हे त्याला ठाऊक नव्हते. तो हळद लावून दुसऱ्या दिवशी कामावर गेला. मावशींनी मला सांगितले तेव्हा आम्ही त्याला घेऊन धावलो. त्यानंतर पुन:पुन्हा रक्ततपासण्या, आणि प्रत्येक अहवाल येईपर्यंत त्या घरात कोणाला झोप नव्हती. त्याला कावीळ ब ची लस दिलेली नव्हती आणि हातात मोजे होते ते फाटके. तेव्हा अभियंतासाहेब, आपली लाल खुणेची बाटली खरोखर कौतुकास्पद आहे, परंतु गल्लीतील बाकीच्या घरांत अशी बाटली नसते. त्या घरांचे नाव फलकावर लावले तर आभाळ कोसळणार आहे का?

रिकामटेकडा अभियंता

त्या मुलाला मोजे आणि लस देण्याची जबाबदारी कामावर ठेवणाऱ्याची होती. आपण स्वतःच ते लिहिले आणि तरीही फलकावर नाव मात्र घरमालकाचे लावायचे, ही विसंगती आपल्याला दिसत नाही का? ठेकेदाराचे नाव कोणत्या फलकावर लागणार? आणि सीलबंद नसलेल्या पिशवीत सुई सापडली तर ती कोणत्या घरची हे ठरवणार कोण? आमच्या कॉलनीत एका भाडेकरूला केवळ संशयावरून असे वागवले गेले की त्याने घर सोडले. पुढे कळले की ती पिशवी शेजारच्या इमारतीतून आली होती.

फटाके भिजवणे आणि सेलला पट्टी लावणे याला माझा विरोध कधीच नव्हता, बंबवालेसाहेब. मूळ पोस्टमध्ये दंडाऐवजी या दोन ओळी असत्या, तर हा धागा निघालाच नसता.

स्वच्छताप्रेमी

ठीक आहे, फलक राहू द्या. भाडेकरूची गोष्ट ऐकून मलाही तो आग्रह धरवत नाही. दंड मात्र मी सोडत नाही, आणि तो ठेकेदारापासून सुरू करा, म्हणजे आपलेही समाधान होईल.

नारेगावकर

तीस वर्षांनंतर शहरात निदान ठेकेदाराचे नाव तरी निघाले, हेही नसे थोडके.

मंडळाचा कार्यकर्ता

एवढी सगळी विद्वान मंडळी एका जागी जमली आहेत, तर आमच्यासारख्या बिनडोक कार्यकर्त्यांकडून एक सूचना घ्या. यंदा मंडपाशेजारी आम्ही निर्माल्याच्या पिंपाव्यतिरिक्त पत्र्याचे दोन डबे ठेवतो, वरून फक्त फट असलेले, कुलूप लावलेले: एक सुया आणि काचेसाठी, दुसरा सेलसाठी. फटाके त्यात घ्यायचे नाहीत, हे बंबवालेकाकांनी सांगितल्यावर कळले. पोरे रात्री आळीपाळीने लक्ष ठेवतील. तीन दिवस आधीचे पत्रही देऊ, अभियंतासाहेबांनीच मसुदा लिहून द्यावा, म्हणजे नंतर त्यातही चूक निघायला नको.

रिकामटेकडा अभियंता

मसुदा उद्या देतो. परंतु दहाव्या दिवशी मंडप उतरल्यावर ते दोन डबे कोण नेणार, हे त्या पत्रातच लेखी मागून घ्या. सुयांचा डबा जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या यंत्रणेकडे गेला पाहिजे आणि सेलचा डबा अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे. तो भंगारवाल्याला विकून मंडळाच्या खात्यात जमा दाखवू नका.

वरणफळ

फळीवर माझे चिकटपट्टी लावलेले सेल पडून आहेत, ते मी पहिल्याच दिवशी आणून टाकते. मात्र डबा भरल्यावर कोणी न्यायला आले नाही तर तो पुन्हा माझ्याच जिन्याखाली आणून ठेवू नका, हे आत्ताच सांगून ठेवते. मागच्या वर्षी निर्माल्याचे पिंप कोजागरीपर्यंत तेथेच होते.