वसुधैव कुटुम्बकम् कोण कोणाला म्हणतं?

कुणीतरी लिहिलंय की 'वसुधैव कुटुम्बकम्' (सारी पृथ्वीच एक कुटुंब) हा ऋषींचा उपदेश, बाकी संदर्भाची गरज नाही. मला वाटतं गरज आहे. महोपनिषदात हे उदार माणसाच्या वर्णनात येतं हे खरंच, पण हितोपदेशात, म्हणजे प्राण्यांच्या गोष्टींच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, हाच श्लोक चक्क कोल्ह्याच्या तोंडी आहे! कोल्ह्याला हरणाचं मांस खायचंय म्हणून तो दोस्ती करायला येतो, कावळा हरणाला सांगतो की अनोळखी माणसावर असा लगेच विश्वास टाकू नकोस, त्यावर कोल्हा हा श्लोक फेकतो आणि वर कावळ्याला म्हणतो, जसा हा हरीण माझा मित्र तसाच तूही. पुढे हरीण शेतातल्या फाशात अडकतं आणि कोल्ह्याला तो तोडायला सांगतं तेव्हा हाच कोल्हा म्हणतो, फास प्राण्याच्या स्नायूंचा आहे आणि आज रविवार, व्रताचा दिवस, मी दात कसा लावू? (हा तपशील मला फार आवडतो.) शेवटी कावळ्याच्या युक्तीने हरीण सुटतं आणि शेतकऱ्याने फेकलेल्या दांडक्याने कोल्हाच मरतो.

श्लोक खोटा ठरत नाही, जुन्या संसद भवनात कोरलेला आहे, २०२३ च्या जी-२० चं ब्रीद होता, त्याचा मला अभिमानच आहे. पण शाळेत शिकवताना ही गोष्टही सोबत सांगा ना, मुलं आपणहून विचारतील की म्हणणारा कोण आणि त्याला हवंय काय.